तेलाचे सात ठिपके

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री मस्कतला ड्यूटीवरून आल्यावर ऐकला. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तुला तेल लावायच्या आधी आजीनं फरशीवर बोटानं सात ठिपके दिले. कुणाला, विचारलंस तर म्हणाली, अश्वत्थाम्याला आणि बाकीच्या चिरंजीवांना. मग तू मला विचारलंस, ‘जो मरतच नाही त्याला आपल्या तेलाची काय गरज? बाबा, तुम्ही पण तसेच असता तर किती बरं झालं असतं!’

आजीच्या श्लोकात सात नावं आहेत: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम. त्यात अश्वत्थाम्याला हे आयुष्य शिक्षा म्हणून मिळालं. त्यानं द्रौपदीची पाच मुलं झोपेत मारली, उत्तरेच्या पोटातल्या बाळावर अस्त्र सोडलं. महाभारतात कृष्णाचा शाप ३००० वर्षांचा आहे. एकटा भटकशील, सोबतीला कुणी नसेल, बोलायलाही कुणी नसेल. कपाळावरचा मणी गेला, ती जखम अजून भरलेली नाही आणि तो तेल मागत फिरतो, असं लोक मानतात. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर त्याची यात्रा भरते, तीही दिवाळीतच. पोरं मारणाऱ्यालासुद्धा सणाला कोरडं ठेवायचं नाही, हे आपल्या लोकांचं मन मला फार मोठं वाटतं.

बघ, त्याला मरण नाही. पण पाठीला तेल लावायलाही कुणी नाही.

मी तुझ्याएवढा होतो तेव्हा तुझे आजोबा मला तेल लावायचे. गिरणीत सुताशी आयुष्य गेलेलं, हात खरखरीत. पाठीवरून फिरला की चरचरायचं आणि मी ‘हळू ना अण्णा’ म्हणून ओरडायचो. शहाबादी फरशीवरचे ते ठिपके काळपट होऊन तुळशीच्या लग्नापर्यंत दिसायचे. अण्णा गेल्यावरच्या दिवाळीत आजीनं ठिपके दिले आणि वाटी माझ्या हातात ठेवली. तेव्हा मला तो हात हवा होता, तसाच खरखरीत. अण्णा कधीच जाणार नसते, तर तो हात मी इतका जपून आठवला असता का? मला नाही वाटत.

भैय्या चौकातलं डॉ. कोटणिसांचं स्मारक आठवतं? ते १९१० साली आपल्या सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले. वय अवघं ३२, घरी तान्हा मुलगा. तेवढं आयुष्य पुरे होतं असं मी म्हणणार नाही, त्या बाळाला ते पुरलं नाही. पण चार वर्षांत त्यांनी किती परक्यांच्या जखमा बांधल्या! अश्वत्थाम्याची एक जखम बांधायला ३००० वर्षांत कुणी भेटलं नाही.

म्हणून मला तसं व्हायचं नाही, राणी. ओवाळताना आजी ‘औक्षवंत हो’ म्हणते, ‘अमर हो’ नाही. वर तुझ्या नावाआधी मी चि. लिहिलंय तेही त्याच अर्थानं, पुष्कळ जग.

वाटीत तेल उरलं असेल. आजीचे गुडघे थंडीत धरतात. आज झोपायच्या आधी तेल कोमट करून तिला लाव, आणि ती ‘पुरे’ म्हणाली तरी लगेच थांबू नकोस.

तुझे,
बाबा