दर रविवारी क्षमा मागतो, तरी मन हलकं का होत नाही?

"ताई, दर रविवारी देवापुढे पापं कबूल करतो. पण आतलं काही जात नाही. देवाने माझ्याकडे पाठ फिरवली का? फार उशीर झाला का?"

हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात, उपासना न चुकवणारे, बायबलचं कोणतंही वचन पटकन काढून दाखवणारे. त्यातल्या एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या परवानगीने इथे मांडते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना मास्तर म्हणू.

मास्तर निवृत्त मुख्याध्यापक, पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, निवडून आलेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) सुरू झालं की ते फोन आल्यासारखं करून व्हरांड्यात निघून जात. पाळकसाहेबांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनीच त्यांना माझ्याकडे धाडलं. "सलाम, ताई," म्हणत आले आणि पहिल्या भेटीत शुगर, झोप, गुडघे एवढ्यावरच बोलत राहिले. उठता उठता त्यांनी तो उशिराचा प्रश्न टाकला.

खरी गोष्ट पुढच्या भेटीत निघाली. वडील गेले, मग आई. मागे मास्तर आणि त्यांची मोठी बहीण, आक्का. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, म्हणजे शेतात आक्कांचा निम्मा वाटा होता. मास्तरांना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांनी आक्कांना सांगितलं की सोसायटीच्या कर्जासाठी एक सही लागते. रजिस्टर ऑफिसात ज्यावर सही घेतली, ते हक्कसोडपत्र होतं. आक्का शिकलेल्या नव्हत्या, भावावर विश्वास होता. नंतर एसटी स्टँडवर मास्तरांनी बहिणीला उसाचा रस पाजला, तिकिटाचे पैसे दिले. गाडी सुटताना आक्का खिडकीतून म्हणाल्या, "झालं ना तुझं काम? आता काळजी करू नकोस."

हे सांगताना मास्तर माझ्याकडे न बघता टेबलावरच्या कॅलेंडरची पानं मागेपुढे करत होते.

पुढे शेताजवळून रस्ता गेला, प्लॉट पडले, पैसा आला. त्यातून घर झालं, मुलांची शिक्षणं झाली. आणि दर रविवारी मास्तर सगळ्या मंडळीबरोबर पापांगीकाराची प्रार्थना म्हणत राहिले. ती म्हणताना मनात आक्का असायच्याच, असं ते म्हणाले. "मग देव ऐकत का नाही?"

मी विचारलं, "आक्का आज कशा आहेत?"

"विसरायला लागली आहे. परवा फोनवर मला 'दादा' म्हणाली. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो."

तेव्हा मी त्यांना म्हणाले, "मास्तर, देवाकडे उशीर झालेला नाही. आक्कांकडे होतोय."

पश्चात्तापाची घाई म्हटली की आपल्याकडे लगेच मरण आणि नरक पुढे येतात. संजीवन सभेतला, म्हणजे थंडावलेला विश्वास जागवायच्या सभेतला, वक्ता विचारतो, आज रात्री डोळे मिटले तर? प्रश्न खोटा नाही. पण त्या भीतीने माणूस रात्रीपुरता गुडघे टेकतो आणि सकाळी चहा पिऊन कामाला लागतो. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात 'आज' या शब्दावर जोर आहे: आज त्याची वाणी ऐकाल तर मन कठीण करू नका. माझ्या अनुभवात मन एका दिवसात दगड होत नाही. रोजच्या 'बघू पुढे'ने होतं. मास्तरांचं तेच झालं होतं. मुलीचं लग्न उरकू दे, पेन्शन सुरू होऊ दे, आक्काचा मुलगा जरा निवळू दे.

ही चालढकल आजची नाही. चौथ्या शतकात कितीतरी लोक बाप्तिस्माच मागे ढकलत, कारण त्याने आधीची सगळी पापं धुतली जातात, मग तो शेवटी घेतलेला बरा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 337 साली मरणाच्या दारात असताना बाप्तिस्मा घेतला. पुढे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेला ऑगस्टिन लहानपणी आजारी पडला तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्याची तयारी झाली होती. तो बरा झाला आणि बाप्तिस्मा राहिला तो थेट 387 पर्यंत.

मास्तरांनी वधस्तंभावरचा चोर पुढे केला, येशूच्या शेजारी खिळलेला आणि मरता मरता त्याच्याकडे वळलेला. सगळेच करतात. त्याला शेवटच्या घटकेला सुखलोक मिळाला, मग मला का नाही? मिळेल की. पण लूकच्या शुभवर्तमानात त्या चोराने बरीच वर्षं येशूला ओळखून वाट बघितली, असं कुठे आहे? कळलं तेव्हा तो बोलला. मास्तरांना तर रजिस्टर ऑफिसातच कळलं होतं.

त्यांची दुसरी खंत वेगळीच होती. रडू येत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे संजीवन झालं, त्यात मुली मोठमोठ्याने रडत पापं कबूल करत होत्या. ती हकीकत आमच्या मंडळ्यांतून अजून सांगितली जाते, आणि कोरड्या डोळ्यांच्या माणसाला वाटतं, आपलं खरं नाही. मी त्यांना लूकचा एकोणिसावा अध्याय काढायला लावला. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय येशूला भेटल्यावर बदलला, पण तो रडला असं तिथे नाही. तिथे हिशेब आहे: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट.

मास्तर शेवटी शिक्षकच. लगेच म्हणाले, "पण तारण कृपेने आहे, ताई, कर्माने नाही. पैसे देऊन क्षमा विकत मिळते का?" मिळत नाही. येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदानेही ती तीस नाणी परत केली होती, 'मी पाप केलं' असंही म्हणाला होता. पण तो गेला याजकांकडे, येशूकडे फिरकला नाही. पेत्र या शिष्यानेही 'मी येशूला ओळखत नाही' म्हणून त्याला नाकारलंच होतं. तो मात्र परत येशूपाशी आला. क्षमा फुकटच आहे. पण बहिणीचा वाटा एका हाताने घट्ट धरून दुसरा हात देवापुढे पसरायचा, हे मास्तरांना स्वतःलाच पटत नव्हतं. ते दर महिन्याला व्हरांड्यात उगाच जात नव्हते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला जा म्हटलं आहे. मास्तर अर्पणही तिथेच सोडत होते आणि भावंडाकडेही जात नव्हते.

मग आम्ही कामाला लागलो. आक्कांना काय सांगायचं ते लिहून आणायला मी सांगितलं. आले ते दोन पानं घेऊन. त्यात दुष्काळ होता, मुलीचं आजारपण होतं, 'भाऊजींनीही कधी विचारलं नाही' होतं. एकेक ओळ वाचून मी विचारत गेले, हे आक्कांसाठी आहे की तुमच्यासाठी? ते स्वतःच लाल पेनाने खोडत गेले. उरलं ते एवढं: आक्का, ती सही कर्जाची नव्हती. मी तुला फसवून तुझा वाटा घेतला. तो तुला परत देणार आहे. मला क्षमा कर.

जाण्याआधी बायकोला आणि मुलांना सांगा, वकिलाला भेटा, असंही मी बजावलं. बाई ऐकून दोन दिवस बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे या घरात मी तिच्या पैशावर राहतेय?" मुलगा चिडला. व्याज धरायचं का, यावरून वाद झाला. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मुद्दल पुरतं भरून वर पाचवा हिस्सा द्यावा असं आहे, तो आकडा मास्तरांनी आपणहून धरला. ज्यांनी फसवलेलं माणूसच आता हयात नाही, त्यांनीही तोच अध्याय पुढे वाचावा: जवळचा नातलग नसेल तर ती भरपाई परमेश्वराची, याजकाच्या हाती द्यायची.

इथे एक सांगायला हवं. हे वाचून कुणी हिशेबाच्या वह्या काढून बसू नये. माझ्याकडे एक कॉलेजची मुलगी यायची, दिवसभर त्याच त्या बारीकसारीक गोष्टींची क्षमा मागणारी, झोपेतून उठून पुन्हा मागणारी. तिला मी आणखी पश्चात्ताप करायला सांगितलं नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तो आजार असतो आणि त्यावर औषध आहे.

आक्कांचा तो दिवस बरा होता. मास्तरांनी चार वाक्यं सांगितली. आक्का बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या, मग म्हणाल्या, "आई होती तोवर सांगायचं होतंस." भाचा मात्र तडकला, कागद दाखव म्हणाला. मास्तरांनी कागद बरोबर नेले होते.

परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "ती माफ केलं म्हणाली नाही. मग देवाची क्षमा?" मी सांगितलं, ती आक्कांच्या होकारावर टांगलेली नाही. आक्का काही देणं लागत नाहीत, लागता ते तुम्ही.

रक्कम हप्त्यांनी द्यायचं ठरलं आहे. पहिला हप्ता भाच्याच्या नाही, आक्कांच्याच खात्यावर गेला, हा मास्तरांचा हट्ट. दुसऱ्यासाठी एफडी मोडायची की मागच्या बाजूचा प्लॉट विकायचा, यावर त्यांच्या घरी सध्या जोरात भांडण चालू आहे.