गाताना ओळ मधेच तुटते. दमसास वाढवायला कोणता प्राणायाम करावा?

प्राणायामाने दम थोडाफार वाढेल, पण ओळ तुटायची थांबेल असं नाही. बहुतेकांची ओळ हवा कमी पडते म्हणून तुटत नाही, पहिल्याच स्वरावर निम्मी हवा सांडून जाते म्हणून तुटते.

हे ठासून सांगते, कारण गिरगावात ज्या सरांकडे मी शिकत होते त्यांनी अख्ख्या क्लाससमोर मला सुनावलं होतं, "तुझा दमसास मुळातच कमी आहे. ख्याल सोड, भावगीतं गा." म्हणजे शास्त्रीय गाणंच सोड. आणि उपाय काय, तर छाती फुगवून श्वास घ्यायचा, रोखून धरायचा आणि मग आकार, म्हणजे लांब "आ", लावायचा. खांदे कानांपर्यंत यायचे, मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. सा दणक्यात लागायचा आणि शेवटाकडे स्वर उतरायचा. उतरला की पुन्हा तेच, "दम नाही." भावगीताला दम लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखादं संथ भावगीत नीट गाऊन दाखवावं.

पुढे दादरला एका बाईंकडे गेले. त्यांनी आधी गायलाच लावलं नाही. दोन्ही हात कमरेच्या वर, शेवटच्या बरगड्यांवर ठेवायला सांगितले, अंगठे पाठीकडे. श्वास घेताना हात बाजूला सरकले पाहिजेत, खांदे जागच्या जागी. मग दातांतून बारीक "स्स्स" सोडायचा आणि बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. सगळी मेख इथेच आहे. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली जातो, सोडताना वर येतो. त्याचं वर येणं सावकाश ठेवता आलं की दम पुरतो. "स्स्स" न थरथरता एकसारखा निघायला लागला की तीच हवा खर्जाला, म्हणजे खालच्या स्वरांना, द्यायची. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की मी हाच सराव करायचे, त्या गोंगाटात कुणाला ऐकूही जात नाही.

नंतर बाईंनी माझी वही ओढून घेतली आणि अभंगाच्या ओळींवर पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा मारल्या. रेघ असेल तिथे श्वास, बाकी कुठे नाही. "पांडु" म्हणून श्वास आणि मग "रंगा", असं तिथे कधीच चालायचं नाही. सरांकडे इतकी वर्षं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि दम म्हणजे फुप्फुसाची ताकद म्हणणाऱ्यांनी कुमार गंधर्वांकडे बघावं. क्षयाने एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं, १९४८ मध्ये ते देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद होतं. परत गायले ते छोट्या, नेमक्या स्वरवाक्यांनी, आणि ख्यालच गायले. तुम्हालाही कुणी "दम नाही" म्हणालं असेल, तर श्वास नेमका कुठे घ्यायचा ते त्यांना वहीत रेघ मारून दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर फी भरू नका.

कपालभाती वाईट नाही, जरूर करा. पण त्यात हवा झटक्याने बाहेर टाकायची असते, गाताना नेमकं उलट लागतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा असेल तर रियाज थांबवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.