वाचक विचारतात: आमचं मूळ गाव कोणतं?

प्रश्न: आम्ही अमळनेर तालुक्यातले. आजोबा म्हणायचे आपण मूळचे इथले नाही, तापीपलीकडून आलो. आता ते नाहीत आणि पणजोबांच्या मागचं नाव घरात कोणालाच सांगता येत नाही. शोधायचं कुठून?

उत्तर: आधी कागद बाजूला ठेवा आणि घरातल्या म्हातार्‍या बाईला, आत्या असेल तर उत्तमच, विचारा की कानबाईचे रोट (खानदेशातल्या या देवीच्या सणाला नैवेद्य म्हणून करतात त्या जाड पोळ्या) कोणाकोणाकडे खाल्ले जायचे, कारण रोट भाऊबंदांतच खातात, बाहेरच्याला देत नाहीत, म्हणजे दुसर्‍या गावातलं जे घर त्यात निघेल तो तुमचा धागा. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, मध्ये बोलू नका.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी मागा, कोतवाल बुक म्हणतात त्याला, म्हणजे गाव नमुना 14. सोबत जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, त्यात वारस लागताना बापाचं, भावांचं नाव येतंच. बरंच मोडी लिपीत असतं, वाचणारा गाठावा लागेल. आणि हो, जुन्या कागदांवर जिल्ह्याचं नाव बघून गोंधळू नका, 1906 ला खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तुमचं अमळनेर पूर्वेत, तापीपलीकडचे शिरपूर-शहादा पश्चिमेत.

नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तिथले विधी करणार्‍या पुरोहितांच्या, आलेल्या यजमानांच्या नोंदींच्या वह्या असतात, आडनाव अन् गाव सांगितलं की शोधून देतात. पणजोबा तिथं क्रियाकर्माला गेले असतील तर नाव सापडू शकतं. ऑनलाइन पैसे घेऊन वंशावळ काढून देणार्‍यांच्या नादी मात्र लागू नका, बहुतेक जण शेवटी तुम्हाला कुठल्यातरी राजघराण्यालाच नेऊन जोडतात!