घर सोडायची वेळ आली तर बॅगेत काय असावं?

प्रश्न : आम्ही नागपूरच्या अंबाझरी भागात तळमजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि इन्सुलिन घेणाऱ्या सासूबाई. २०२३ सारखं पाणी पुन्हा शिरलं तर उचलून निघता येईल अशी बॅग करायची आहे. काय आणि किती भरू?

उत्तर : २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा पहाटेची वेळ होती. पुन्हा तसंच होईल असं धरूनच बॅग भरा. अंधार असेल, पायाखाली पाणी असेल आणि एक हात मुलीला धरायला मोकळा लागेल. चाकांची सुटकेस इथे कामाची नाही, चिखलात तिची चाकं फिरत नाहीत. पाठीवर घ्यायच्या दोन सॅक करा आणि प्रत्येकीचं वजन ८ किलोच्या आत ठेवा. लोक आठवड्याचं सामान कोंबतात आणि ऐनवेळी बॅग घरातच राहते. पहिले २४ तास निभावले की पुरे.

वजन सगळ्यात जास्त पाण्याचं होतं. माणशी दिवसाला ३ लिटर धरलं तर चौघांचं १२ किलो झालं, ते पाठीवर नेणं शक्य नाही. म्हणून माणशी १ लिटरची बाटली आणि सोबत पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. गढूळ पाण्यात गोळी थेट टाकू नका. क्लोरीन मातीवरच खर्ची पडतं आणि जंतू शिल्लक राहतात. आधी चार पदरी सुती कापडातून गाळा, मग पाकिटावरच्या प्रमाणात गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. ओआरएसची सहा मोठी पाकिटं घ्या. एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं. पेल्यात अंदाजाने थोडी पावडर टाकली तर द्रावण दाट होऊन जुलाब वाढू शकतात. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या.

खायला फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. चिवडा नको, तेलामुळे तो आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर खवट होतो. मुलीसाठी एक कपड्यांचा जोड आणि गळ्यात अडकवायची शिट्टी. प्रत्येक सॅकमध्ये एक टॉर्च, शक्यतो डोक्याला बांधायचा. सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नका. ते पाझरतात आणि आतली स्प्रिंग गंजते. सेल वेगळ्या पिशवीत ठेवा, पण त्याच कप्प्यात. मेणबत्ती मुळीच नको, कुठे गॅस गळत असेल ते कळत नाही.

कागदपत्रांच्या झेरॉक्स दुहेरी झिपलॉक पिशवीत घाला : आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, विम्याची पॉलिसी, सासूबाईंचं प्रिस्क्रिप्शन. डिजिलॉकर आहेच, पण नेटवर्क गेलं की तो उघडणार कसा? म्हणूनच यूपीआयच्या भरवशावर न राहता दोनेक हजार रुपये सुट्ट्या नोटांत ठेवा. नातेवाइकांचे नंबर कागदावर लिहा, तेही बॉलपेनने. जेलपेनची शाई ओल लागताच पसरते.

प्रश्न : अशी बॅग माळ्यावर ठेवली तर चालेल का? मे महिन्यात औषधं आणि पॉवर बँक टिकतील?

उत्तर : नाही टिकणार. बाहेर ४५ अंश असताना स्लॅबखालचा माळा खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापतो, कारची डिक्की त्याहून वाईट. बहुतेक गोळ्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. पॉवर बँक उष्णतेने फुगते आणि फुगलेली वापरणं धोक्याचं असतं. बॅग खोलीतच, दाराजवळ, पण जमिनीपासून चारेक फूट उंच खुंटीवर टांगा. तळमजल्यावर ही उंची महत्त्वाची.

इन्सुलिन बॅगेत भरून ठेवू नका. न उघडलेलं फ्रिजमध्येच, २ ते ८ अंशांत. बॅगेच्या हँडलला ठळक अक्षरांत चिठ्ठी बांधा : ‘फ्रिजमधलं इन्सुलिन’. जवळ रुंद तोंडाचा थर्मास असू द्या. बर्फ घ्यायचाच असेल तर बाटली आणि बर्फ यांमध्ये जाड नॅपकिन हवा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच; वरून ते नीट दिसलं तरी टोचू नका. सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि साखर अचानक उतरली तर द्यायला ग्लुकोज पावडर मात्र बॅगेत कायम हवी.

प्रश्न : बॅगेतलं सामान कधी बदलायचं?

उत्तर : मृग लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. खाऊ आणि पाणी बदला, औषधांच्या तारखा बघा, मुलीचे कपडे अंगाला होतात का तेही पाहा. पॉवर बँक दर तीन महिन्यांनी चार्ज करा. १०,००० एमएएचच्या बँकेतून ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल असं धरू नका. व्होल्टेज बदलताना बरीच वीज वाया जाते, सव्वा वेळा भरला तरी खूप.

प्रश्न : निघताना मेन स्विच बंद करायचा का?

उत्तर : पाणी अजून घरात आलं नसेल आणि हात-पाय कोरडे असतील तरच. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावू नका, तसेच निघा. सिलिंडरचा रेग्युलेटर हाताशी असेल तर बंद करा. बाहेर पडलात की ११२ ला फोन लावा, ॲम्ब्युलन्स हवी असेल तर १०८.