जुन्या वस्तूंचा दवाखाना : दुनळी उघडेना, मिटेना

प्रश्न : काका, माझ्या वडिलांची बेल्जियमची बारा बोअर दुनळी आहे, काडतुसावर आघात करणारे घोडे आत, बाहेर न दिसणारे असलेली. वडील गेल्यावर रीतसर अर्ज करून परवाना माझ्या नावावर झाला. डबरा गावाजवळ आमची शेती आहे. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा केली होती. परत आणली, दसऱ्याला पुजली, आणि तेव्हापासून उघडताना मांडीवर ठेवून जोर लावावा लागतो. एकदा उघडली की लगेच दुसऱ्यांदा जरा हलकी जाते, पण चाप ओढून पाहिला की पुन्हा जड. मिटताना वेगळंच दुखणं : शेवटचं सूतभर मिटतच नाही, दणका दिला की मिटते, आणि वरचा खटका मधोमध न येता बराच उजवीकडे राहतो. वडील दर दसऱ्याला मोहरीचं तेल लावत, मीही तेच लावलं. ओळखीचा एक फिटर म्हणतो, नळ्यांखालच्या आकड्यावर जरा कानस मारली की लोण्यासारखी चालेल. मारू द्यावी का?
— एक वाचक भगिनी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नाही. त्या फिटरला चहा पाजा आणि कानसीसकट घरी पाठवा.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण असं पत्र क्वचित येतं. बहुतेक लोक ‘बंदूक जाम आहे’ एवढंच लिहितात आणि माझ्याकडून उपाय मागतात. तुम्ही ती कधी जड जाते आणि कधी हलकी, हे लिहिलंत. निम्मं काम तिथेच झालं. आमचे वडील ग्वाल्हेरच्या लष्कर भागात चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करत बसले, मी त्यांच्या शेजारी. गिऱ्हाईक आलं की ते बंदुकीला हात लावण्याआधी विचारायचे, ‘उघडताना अडते की मिटताना? रिकामी की भरलेली? बार काढल्यावर की आधी?’ गिऱ्हाईक वैतागायचं. पण हे तीन प्रश्न झाले की हत्याराला लावायचं अवजार एकच उरायचं.

आता तुमची दुखणी दोन आहेत, एक नाही. उघडण्याचं वेगळं, मिटण्याचं वेगळं.

आधी उघडण्याचं. घोडे आत असलेल्या बहुतेक दुनळ्यांची रचना बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ साली काढलेल्या पेटंटावर बेतलेली असते. नळ्या खाली झुकतात तेव्हा पुढच्या लाकडातलं लोखंड आतल्या दोन तरफा दाबतं आणि त्या तरफा घोडे चढवतात. म्हणजे बंदूक उघडताना तुमचा हात दोन दणकट स्प्रिंगा दाबत असतो. घोडे आधीच चढलेले असले की हे काम उरत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी हलकं जातं. चाप ओढलात, घोडे पडले, पुन्हा जड. थोडं जड जाणं हा त्या बंदुकीचा स्वभावच आहे. पण मांडीवर घ्यावी लागते म्हणजे तरफा आणि घोडे ज्या खिळींवर फिरतात तिथे काहीतरी चिकटून बसलंय.

ते काहीतरी म्हणजे तुमच्या वडिलांचं मोहरीचं तेल. राग मानू नका, आमच्या मुरैना-ग्वाल्हेर पट्ट्यात निम्म्या घरांतल्या बंदुकांना हेच तेल लागलेलं मी पाहिलंय. घाण्याचं, शुद्ध, घरचं! भाजीला उत्तम. पण मोहरीचं तेल हवेत पडून राहिलं की हळूहळू घट्ट होतं, चिकट होतं, शेवटी लाखेसारखा पिवळा थर धरतं. तुमच्या कढईच्या बुडाला बाहेरून जो थर बसतो ना, जो घासून निघत नाही, तोच. दर दसऱ्याला एक थर. त्यावर ठाण्यात पडून राहिल्याचे महिने, पावसाळी हवा, धूळ. खोबरेल लावणाऱ्यांनी हसू नये : ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत त्याची मेणबत्ती होते.

खात्री करायची असेल तर अशी करा. आधी बंदूक मोकळी आहे ना हे पाहा : दोन्ही नळ्यांत डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीही घालायची. ठाण्यातून आलेली असो, कपाटातून आलेली असो, मी स्वतः तासापूर्वी पाहिलेली असो, पुन्हा पाहायचं. मग पुढचं लाकूड काढा, नळ्या डाव्या हातात नीट धरून खटका दाबा आणि हळूच झुकवा. नळ्या निखळून हातात येऊ शकतात, म्हणून धरून. आता तरफा दाबल्या जात नाहीत. झुकणं सहज झालं तर दोष आतल्या तरफांत आणि पुढच्या लाकडात. तरीही जड गेलं तर बिजागरीच्या खिळीत किंवा खटक्याने सरकणाऱ्या कुलूपपट्टीत. पुढच्या लाकडाकडेही लक्ष द्या : पावसाळ्यात फुगून ते बिजागरीला घासत असेल, तर तिथे लाकूड चकाकताना दिसेल.

एक सूचना, जी ऐकली नाही म्हणून लोक घामाघूम होऊन दुकानात येतात : नळ्या काढलेल्या असताना चाप ओढू नका. घोडे पडले की तरफा वर येऊन बसतात आणि नळ्या, लाकूड काही केल्या जागेवर जात नाही. आणि जोडलेली असतानाही रिकाम्या नळ्यांवर चाप ओढून पाहायची सवय सोडा. डमी काडतुसं मिळतात, त्यांत स्प्रिंग असते. ती घालून ओढा. जुन्या बेल्जियन बंदुकीची टोचणी, म्हणजे काडतुसाच्या बुडाला टोचणारी खीळ, तुटली तर तशी दुसरी हाताने घडवावी लागते.

आता मिटण्याचं. इथे मला तुमची पूजा आठवते. फार वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर आठवड्याभरात एक गृहस्थ आले, माधवगंजातून. अगदी हेच : सूतभर मिटत नाही, खटका उजवीकडे. त्यांनी आधीच कुणाकडून तरी आकडा घासून आणला होता. वडिलांनी नळ्या काढल्या, एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस मागे ढकलणारा तो अर्धचंद्र, बोटाने बाहेर ओढला आणि दाभणाने खालून एक तांदळाचा दाणा काढला. अक्षता! हळदीत माखलेली, चेपून भाकरी झालेली. वडील काही बोलले नाहीत, दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला.

ग्वाल्हेरात शस्त्रपूजा जोरात होते. मांढरे की माता या देवळापाशी शिंद्यांचं शमीपूजन असतं, घराघरांत ज्याच्याकडे जे आहे ते पाटावर मांडलं जातं. पुजा, जरूर पुजा. पण बंदूक मिटलेली ठेवून पुजा. उघड्या बंदुकीवर हळद-कुंकू, अक्षता, पाकळ्या टाकल्या की त्या एक्स्ट्रॅक्टरखाली, नळीच्या तोंडाशी काडतुसाची कड बसते त्या खोबणीत आणि नळ्यांखालच्या आकड्यांच्या खाचांत जातात. तिथे पोस्टकार्डाइतकी जाडीसुद्धा पुष्कळ झाली. त्या खाचांत एक आडवी पट्टी सरकते, तीच बंदुकीचं कुलूप. लंडनच्या पर्डी या बंदूककाराने १८६३ साली ती काढली आणि आजही बहुतेक दुनळ्या तिच्यावरच मिटतात. पट्टी पूर्ण सरकली नाही की वरचा खटका उजवीकडे अडकतो. खटका थोडासा उजवीकडे राहणं चांगलं असतं. वापराने तो वर्षानुवर्षं डावीकडे सरकत जातो आणि मध्य ओलांडून गेला की समजायचं, झीज झाली. तुमचा बराच उजवीकडे आहे, म्हणजे झीज नव्हे, अडथळा.

दणके देऊन मिटवू नका. लाकडी टूथपिक, जुना दातांचा ब्रश आणि थोडं टर्पेंटाइन घ्या (रॉकेल मिळणं आता मुश्कील). खाचा, खोबण्या, एक्स्ट्रॅक्टरची मागची बाजू, त्याचा दांडा जातो ते भोक, आकड्याचा पोटातला गोल भाग, बिजागरीची खीळ, सगळं मऊ पडेपर्यंत पुसा. लाकडाला टर्पेंटाइन लागू देऊ नका, पॉलिश जाईल. कोरडं करून शिलाई मशीनचं पातळ तेल नावापुरतं, आणि आकडा-बिजागरीला मात्र गव्हाच्या दाण्याएवढं ग्रीस. हलका गंज दिसला तर तेल आणि तांब्याचं नाणं, सँडपेपर नको.

कानस का नको, ते सांगतो. आकडा आणि बिजागरी यांचा मेळ कारागिराने काजळीवर जमवलेला असतो. आमच्याकडे कापूर जाळून धरत. काजळी धरलेला भाग मिटवून उघडायचा, जिथे काळं पुसलं गेलं तिथेच धातू धातूला टेकतोय. तेवढंच केसभर काढायचं, पुन्हा काजळी. दिवसभर हेच. फिटरने दोन हात कानस मारली की बंदूक लोण्यासारखी चालेल खरी, पण नळ्यांचं बूड मागच्या भिंतीपासून सुटेल. उजेडासमोर धरलीत तर फटीतून दिवस दिसेल. अशी ढिली बंदूक पुन्हा घट्ट करणं हे महागाचं काम, आणि बार काढायला ती धोक्याची.

आतल्या तरफा मात्र तुम्ही उघडू नका. खालच्या पट्टीचे स्क्रू बारीक खाचेचे असतात, बाजारी पेचकसाने त्यांची तोंडं फुटतात. परवाना असलेल्या बंदूक कारागिराकडे, तुमचा परवाना सोबत घेऊन, द्या. शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीचाही परवाना लागतो, म्हणून फिटरचा विषय तसाही संपला. कारागिराला सांगा : घोड्यांची यंत्रणा उतरवून जुनं तेल धुवायचं, घासायचं काही नाही.

तिथेच नळ्यांची खोलीही मोजून घ्या. जुन्या दुनळ्यांत काडतुसाचं घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि आज बाजारात मिळणारं काडतूस पुष्कळदा ७० चं. ७० हा आकडा काडतूस फुटून तोंड उलगडल्यावरचा. न फुटलेलं आखूड असतं, म्हणून ते ६५ च्या घरात निमूट जातं आणि फसवतं. मग दाब वाढतो, टोकळं, म्हणजे फुटलेल्या काडतुसाचं रिकामं कवच, चिकटतं, बंदूक उघडताना जड जाते. तुम्ही चाप रिकामाच ओढलात म्हणून ही शंका तुमच्या बाबतीत मागे ठेवली. पण पुढे कधी बार काढल्यावरच ती अडू लागली, रिकामी असताना नाही, तर टोचणी काडतुसाच्या बुडाच्या टोपीत रुतून राहतेय किंवा काडतूस चुकीचं आहे. तेव्हा जोर लावायचा नाही, नळ्या मोकळ्या दिशेला धरून थांबायचं आणि पुढचा बार काढायचा नाही.

प्रश्न : माझी बंदूक नवी, एकावर एक नळ्यांची, ट्रॅपसाठी, म्हणजे उडत्या चकत्यांवर नेम धरायच्या खेळासाठी, घेतलेली. दोन्ही बार काढल्यावर मिटताना हाताला जड लागते, एरवी नाही. दोष आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. तुमच्या बंदुकीत टोकळी आपोआप फेकणारे इजेक्टर आहेत. बार झाला की उघडताना ते सुटतात आणि मिटताना तुम्ही त्यांच्या स्प्रिंगा पुन्हा दाबता, तेवढाच जोर जास्त. एकच बार काढून पाहा, अर्धाच जड लागेल. नवी बंदूक घट्ट असणारच. बिजागरीला ग्रीस ठेवा. आणि सिनेमात एका हाताने झटकून मिटवतात तसं करू नका, गेल्या महिन्यात असं करणाऱ्या एकाची बिजागरी मी बघितली.