चावणारे बूट ‘घालून घालून सैल होतील’ म्हणून घ्यावेत का?

नका घेऊ. ‘चार दिवस घाला, सैल होतील’ हे दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं. अस्सल चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही. अंगठा पुढे टेकत असेल तर तो वर्षभरानंतरही टेकणारच. रेक्झिन तर फारसं सैलावतच नाही.

म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला गेलो असताना मी सकाळच्या घाईत असा एक जोड घेतला होता. टाचेवर रुपयाएवढा फोड आला, फुटला, मोजा कातडीला चिकटून बसला. त्यात ऐन पावसाळा. आपल्या गोव्यात तेव्हा मोजे कायम दमट, आणि ओली कातडी घासून लवकर सोलते. जखम सुकायला पंधरा दिवस लागले. डायबेटिस असेल तर हा धोका अजिबात पत्करू नका. पाय बधिर असले की फोड आलेला कळतही नाही.

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. नेहमीचे मोजे घालून, दोन्ही पायांत घालून, उभं राहून बघा. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नव्या चामड्याचा नुसता ताठरपणा असेल तर चालेल, घरातल्या घरात रोज अर्धा तास घाला. कोल्हापुरी चपलेची गोष्ट वेगळी, ती तेल लावलं की नरमते.