इस्लामी राज्यविचारात गैरमुस्लिमांचं स्थान काय? 'जिम्मी' म्हणजे दुय्यम नागरिकच का?

तुम्ही विचारलंय की जिझिया (गैरमुस्लिमांवरचा कर) आणि जिम्मी (इस्लामी राज्याच्या संरक्षणात राहणारा गैरमुस्लिम) या शब्दांवरून एक जण म्हणतो इस्लामने अल्पसंख्याकांना संरक्षण दिलं, दुसरा म्हणतो त्यांना खाली दाबलं, तर खरं काय? माझं उत्तर आधीच देते. जुन्या फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. संरक्षण होतं, बरोबरी नव्हती. मी जुन्या नाशकातली मुसलमान, अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला वर्गातही येतो आणि घरातही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

'जिम्मी' हा शब्द आपल्याला परका नाही. आपण मराठीत 'जिम्मा' म्हणतो, त्याचं मूळ अरबी 'धिम्मा'. माझ्या वडिलांचं दूध बाजाराजवळ पुस्तकं बांधायचं दुकान होतं. पंचवटीतून लोक जुन्या पोथ्या घेऊन यायचे. "चाचा, आजोबांच्या वेळचं गुरुचरित्र आहे, तुमच्या जिम्म्यावर ठेवून जातो." वडील ती पोथी फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवायचे, जमिनीवर कधी नाही. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. एकही पोथी गहाळ झाली नाही. पण कुठली पोथी कोणत्या फळीवर ठेवायची, कधी बांधायला घ्यायची, हे वडीलच ठरवायचे. धिम्मा मला असाच दिसतो. जिम्म्यावर ठेवलेलं सुखरूप राहतं, पण दुकान चालवणारा दुसराच असतो.

फुकाहांनी, म्हणजे फिक्हच्या पंडितांनी, याचे तपशील बारकाईने लिहून ठेवलेत. खलिफा हारून अल-रशीदसाठी लिहिलेल्या 'किताब अल-खराज'मध्ये काझी अबू युसुफ जिझियाचे दर देतो: श्रीमंताला वर्षाला 48 दिरहम, मध्यमाला 24, कष्टकऱ्याला 12. बायका, मुलं, कंगाल यांना माफी. त्याच ग्रंथात खलिफा उमरची एक गोष्ट आहे. दारोदार भीक मागणारा एक आंधळा म्हातारा उमरना दिसतो. तो ज्यू असतो. जिझिया, गरज आणि वय यामुळे ही वेळ आली, असं तो सांगतो. उमर त्याला हाताला धरून घरी नेतात, काहीतरी देतात आणि खजिनदाराला कळवतात की याची तरुणाई आपण खाल्ली आणि म्हातारपणी याला टाकून दिलं, हा न्याय नव्हे. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा गळा दाटतो. तरीही लगेच दुसरी बाजू सांगते. उमरच्याच नावाने जो करार चालतो (अनेक इतिहासकार त्याला नंतरच्या काळातला मानतात), त्यात नवी चर्च बांधायची नाहीत, पोशाख वेगळा ठेवायचा, मुसलमान बसायला आला तर जागेवरून उठायचं, अशी कलमं आहेत. 1058 साली वारलेला अल-मावर्दी लिहितो की जिम्मी हुकूम अमलात आणणारा वजीर होऊ शकेल, स्वतः निर्णय घेणारा वजीर मात्र नाही. आमची फळी पुन्हा तीच.

आता हिंदूंचं काय? शाफई आणि हनफी हे फिक्हचे दोन पंथ. शाफई पंथाच्या मते जिझिया फक्त ज्यू, ख्रिस्ती आणि पारशांकडून घेता येतो. हनफींनी तो अरबेतर मूर्तिपूजकांनाही लागू केला, म्हणजे जिम्म्याचं दार त्यांच्यासाठी उघडलं. हिंदुस्थानातले बहुतेक सुलतान हनफी होते. अकबराने 1564 मध्ये जिझिया उठवला, औरंगजेबाने 1679 मध्ये परत बसवला. त्या जिझियाविरुद्ध औरंगजेबाला लिहिलेलं शिवाजी महाराजांच्या नावे जे फारसी पत्र आहे, त्यातला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. कुराणात ईश्वराला 'रब्बुल आलमीन' म्हटलंय, सगळ्या जगाचा पालनकर्ता, फक्त मुसलमानांचा नव्हे. बादशहाला त्याच्याच ग्रंथातून जाब विचारलाय.

विसाव्या शतकात हा प्रश्न आपल्याच मातीत पेटला. 1903 मध्ये औरंगाबादेत जन्मलेल्या मौलाना मौदूदींनी इस्लामी राज्याची कल्पना मांडली. त्यात जिम्मींचा जीव, मालमत्ता आणि धर्म सुरक्षित, पण राज्याचं धोरण ठरवायच्या जागा मुसलमानांच्या. पाकिस्तानी पंजाबात अहमदिया पंथाविरुद्ध झालेल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या मुनीर आयोगाने त्यांना विचारलं: मग भारतातल्या हिंदूंनी आपल्या धर्मावर राज्यघटना उभी केली तर चालेल? 1954 च्या अहवालात त्यांचं उत्तर छापलंय. चालेल, भारतातल्या मुसलमानांना मनूच्या कायद्याने शूद्र आणि म्लेंच्छ मानलं, राज्यकारभारातला वाटा आणि नागरिकाचे हक्क काढून घेतले, तरी माझी हरकत नाही.

मी हे उत्तर पहिल्यांदा वाचलं त्या संध्याकाळी वडिलांना दुकानात वाचून दाखवलं. दाभण हातातच राहिलं त्यांच्या. म्हणाले, "आम्हाला विचारलं होतं का त्यांनी?"

म्हणूनच मी या विषयात तटस्थ नाही. नाशकात मी अल्पसंख्य आहे. कुणाच्या मेहेरबानीवर राहायचं नाही, हे मला इथे हवं असेल, तर कराचीतल्या हिंदूला आणि तेहरानमधल्या बहाईलाही तेच मिळायला हवं. पाकिस्तानात राष्ट्रपती आणि पंतप्रधान मुसलमानच असावा लागतो. इराणच्या 290 जागांच्या मजलिसमध्ये, म्हणजे संसदेत, पारशी, ज्यू आणि ख्रिस्ती मिळून 5 जागा राखीव आहेत, बहाई या अल्पसंख्य धर्माच्या लोकांना घटनेत मान्यताच नाही. याचं समर्थन मी करू शकत नाही, करायचंही नाही.

याविरुद्धचा विचार मुसलमानांनीच मांडलाय, तो मात्र फारसा कुणी सांगत नाही. पैगंबर मदिनेत आल्यावर, 622 नंतर, झालेल्या मदिना करारात बनू औफ टोळीच्या ज्यूंना मुसलमानांबरोबर एक उम्मत, म्हणजे एक समाज, म्हटलं होतं, धर्म ज्याचा त्याला. तो सलोखा टिकला नाही, पुढे मदिनेतल्या ज्यू टोळ्यांशी रक्तरंजित संघर्ष झाला, हे लपवू नये. पण 1938 मध्ये देवबंदच्या मदरशाचे मौलाना हुसेन अहमद मदनी याच कराराच्या आधारे म्हणाले की हिंदू-मुसलमान मिळून एक कौम, म्हणजे एक राष्ट्र, होऊ शकते. फाळणीला विरोध त्यांनी शेवटपर्यंत केला. 2016 मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला जमलेल्या उलेमांनी मुस्लिम देशांतल्या अल्पसंख्याकांच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, त्याचाही पाया मदिना करारच आहे.

आणि 1985 मध्ये इजिप्तच्या फहमी हुवैदींनी एक पुस्तक लिहिलं, 'मुवातिनून ला धिम्मियून', म्हणजे 'नागरिक, जिम्मी नव्हेत'. हे नाव मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. 'मुवातिन' शब्द वतनावरून आला. गेल्या वर्षी सिन्नरकडची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, वतन म्हणजे आमच्याकडे पाटलाचं असायचं ते? जे कुणी काढून घेऊ शकत नाही?" मी म्हटलं, तेच, पण इथे ते एकट्या पाटलाचं नाही, गावातल्या प्रत्येकाचं.